घरचे रसायन : साबण बिघडला कशाने?

माणदेशाच्या बाजूच्या एका ताईंचे चार पानी पत्र गेल्या पंधरवड्यात हाती आले. पत्र साबणाविषयी आहे, पण त्यात साबणापेक्षा मनस्तापच जास्त आहे. त्यांच्या बचत गटातल्या अकरा बायकांनी पावसाळ्याच्या तोंडावर निंबोळ्या वेचल्या, पोत्यांत भरून एकीच्या पडवीत ठेवल्या आणि दिवाळीनंतर तालुक्याच्या घाण्यावरून तेल काढून आणले. गटाच्या शिल्लक पैशातून कॉस्टिक सोडा आणि खोबरेल घेतले. एवढे सगळे जमवून साबण घालायला बसल्या, तर कॉस्टिकचे पाणी तेलात ओतताक्षणी सगळ्याचे गोळे झाले. पातेले आतून काळे पडले. कशाबशा वड्या थापल्या, आठवड्याने वापरून पाहिल्या, तर एकीच्या मनगटावर लाल चट्टे उठले.

आता निम्म्या बायका आपले पैसे परत मागत आहेत. पुढाकार या ताईंचा, म्हणून बोलणीही त्यांनाच. घरातूनही 'नसता उद्योग' असे ऐकावे लागते. अर्धा डबा तेल शिल्लक आहे आणि व्यापारी ते कवडीमोलाने मागतो आहे. त्या लिहितात, 'आमचे काय चुकले ते छापा, म्हणजे मला चारचौघींत उभे राहून सांगता येईल.'

ताई, चुका तीन झाल्या. सर्वांत मोठी चूक साबण घातला त्या दिवशी झालेलीच नाही, ती जून महिन्यातच होऊन गेली होती. आणि उरलेले तेल विकू नका. त्याचा साबण होतो. कसा, ते पुढे सांगतो.

आधी तेल म्हणजे काय ते पाहू. आपली तिफण डोळ्यांपुढे आणा. एक आडवे दिंड आणि त्यात बसवलेले तीन फण. तेलाचा प्रत्येक कण असाच असतो. दिंडाच्या जागी ग्लिसरीन आणि फणांच्या जागी तीन लांब शेपट्या. या शेपट्यांना मेदाम्ल म्हणतात. तेल करडईचे असो, शेंगदाण्याचे असो की निंबोळीचे, दिंड तेच. फण मात्र निरनिराळे. खोबरेलाचे फण आखूड, म्हणून त्याच्या साबणाला भरपूर फेस येतो. निंबोळी आणि करंजाचे फण लांब, म्हणून त्यांचा साबण मळ काढतो पण फेस बेताचाच. तेलात आणि तुपातही हाच प्रकार. फण सरळ असले की एकमेकांना लागून बसतात आणि पदार्थ थिजतो, वाकडे असले की पातळ राहतो.

कॉस्टिक सोडा काय करतो? दिंडापासून फण सोडवतो आणि स्वतः प्रत्येक फणाला चिकटतो. हा सोडा चिकटलेला फण म्हणजेच साबण. सुटलेले दिंड म्हणजे ग्लिसरीन. हे गणित शेवरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने उलगडले आणि १८२३ साली ग्रंथरूपाने मांडले. गृहस्थ १७८६ साली जन्मले आणि १८८९ साली वारले, म्हणजे शंभरी ओलांडून जगले. साबण तर त्यांच्या आधी हजारो वर्षे होत होता, पण का होतो ते कोणाला ठाऊक नव्हते.

आता जूनमधल्या चुकीकडे येऊ. बीमध्ये तेल असते ते आपल्यासाठी नव्हे, कोंबासाठी. बीला ओल लागली की तिला वाटते उगवायची वेळ झाली. मग बीतलेच एक पाचक द्रव्य कामाला लागते आणि तेलाच्या दिंडापासून फण सुटे करू लागते, म्हणजे कोंबाला खायला मिळावे. तुम्ही निंबोळ्या गरासकट, ओलसर, पोत्यांत दाबून भरल्या. पोत्यात ऊब धरली, बुरशी आली आणि चार-पाच महिने हे काम आतल्या आत चालू राहिले. घाण्यातून जे निघाले त्यात मोकळे आम्ल भरपूर होते. तुम्ही लिहिले आहे की तेल काळपट होते आणि वास घशाला लागत होता. निंबोळीच्या तेलाला वास असतोच, पण घशाला लागणारा आंबूस खवट वास सुट्या आम्लाचा.

आणि गोळे? चांगल्या तेलात कॉस्टिकला एकेक फण सोडवायला वेळ लागतो. म्हणून अर्धा-पाऊण तास ढवळावे लागते आणि मिश्रण हळूहळू बासुंदीसारखे दाटते. सुट्या आम्लाशी मात्र कॉस्टिकची गाठ क्षणात पडते. तिथल्या तिथे घट्ट साबण होतो, त्याचे गोळे बनतात, आणि त्या गोळ्यांच्या पोटात न मुरलेले कॉस्टिक अडकून बसते. वडी वरून साबण दिसते आणि आत जागोजाग कॉस्टिकचे खडे. मनगटावर चट्टे उठले ते त्यामुळे. साबण घालणाऱ्या हाताचा यात दोष नाही.

दुसरी चूक पातेल्याची. ते अॅल्युमिनियमचे असणार, कारण काळे पडले आणि तुम्ही लिहिता तसे 'सूं सूं' वाजत होते. कॉस्टिक अॅल्युमिनियम खाते आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो. जवळ चूल पेटलेली असती तर काय झाले असते ते लिहीत नाही. कॉस्टिकसाठी स्टेनलेस स्टील, लोखंडी कढई किंवा जाड प्लॅस्टिकची बादली चालते. अॅल्युमिनियम, पितळ आणि कल्हईची भांडी चालत नाहीत. ते पातेले आता स्वयंपाकात घेऊ नका.

तिसरी चूक वाटीची. 'दोन वाट्या कॉस्टिक' असे माप या कामात चालत नाही. कॉस्टिकची पापडी वेगळी, गोळी वेगळी, आणि ते हवेतली ओल ओढून घेते. वाण्याकडे असतो तसा तराजू हवा, तोही पाच-दहा ग्रॅम दाखवणारा. प्रत्येक तेलाला कॉस्टिक ठरलेलेच लागते. एक किलो खोबरेलाला सुमारे १८० ग्रॅम, निंबोळीला १३५ च्या आसपास, करंजाला १३०, एरंडेलाला १२८. आखूड फणांच्या तेलात किलोमागे फणांची संख्या जास्त, म्हणून खोबरेलाला कॉस्टिकही जास्त. कॉस्टिक नेहमी या हिशेबापेक्षा पाच-सहा टक्के कमीच घ्यायचे. थोडे तेल उरले तर त्वचेला मऊपणा येतो, कॉस्टिक उरले तर कातडी जाते.

चांगल्या तेलाचा माझ्या पसंतीचा मेळ असा : निंबोळी किंवा करंजाचे तेल ७०० ग्रॅम, खोबरेल ३०० ग्रॅम, कॉस्टिक १४० ग्रॅम, पाणी ३५० ग्रॅम. कॉस्टिक पाण्यात थोडे थोडे सोडायचे. पाणी कॉस्टिकवर कधी ओतायचे नाही, ते उसळून तोंडावर येते. हे काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, हातांत रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालून करायचे. पाणी आपोआप चुलीवर ठेवल्यासारखे तापते. ते आणि तेल दोन्ही कोमट झाले की पाण्याची बारीक धार तेलात धरून ढवळत राहावे. ढवळणी उचलली की वरून पडणाऱ्या धारेची रेघ क्षणभर राहू लागली की लाकडी साच्यात ओतावे, गोणपाटाने झाकावे, दुसऱ्या दिवशी कापावे आणि मग चार आठवडे सावलीत वाळवावे. हे चार आठवडे कोणालाच धरवत नाहीत, पण साबण तिथेच होतो.

लहान मुले त्या दिवशी अंगणातही नकोत. कॉस्टिक हातावर सांडले तर लिंबू, चिंच, व्हिनेगर असले काही शोधत बसू नये. वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटे हात धरावा. डोळ्यात उडाले तर त्याहून जास्त वेळ पाणी सोडत राहावे आणि तसेच दवाखान्यात न्यावे. पोराने चुकून घोटभर प्यायले तर उलटी करवू नये, कारण जाताना जाळलेला घसा येताना पुन्हा जळतो. तोंड धुऊन तडक मोठ्या दवाखान्यात न्यावे. कॉस्टिकचे पाणी पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नका. हे सगळे लिहिताना हात आखडता घेतला नाही, कारण या उद्योगात जायबंदी होतात ती बहुधा घरचीच माणसे.

आता तुमच्या बिघडलेल्या वड्या आणि उरलेले तेल. दोघांना एकच रीत, उकळण्याची. मोठे कारखाने पूर्वापार याच रीतीने साबण करत आले. वड्या किसून लोखंडी कढईत घ्याव्यात. कढई मालाच्या तिप्पट मोठी हवी, कारण फेस चढतो. किस बुडेल एवढे पाणी घालून मंद आचेवर, ढवळत, सगळे एकजीव होईपर्यंत शिजवावे. गोळ्यांच्या पोटात अडकलेले कॉस्टिक मोकळे होऊन उरलेल्या तेलाला लागते. उरलेले तेल साबण करायचे असेल तर त्याच्या हिशेबाचे कॉस्टिक बरेच पाणी घालून पातळ करावे आणि तापलेल्या तेलात थोडे थोडे सोडत तास-दोन तास शिजवावे. इथे सुट्या आम्लाचे भय नाही, कारण झालेला गोळा उकळत्या पाण्यात विरघळतो.

एकजीव झाल्यावर मिठाचे दाट पाणी थोडे थोडे घालत जावे. दूध नासावे तसा साबण फुटून वर येतो आणि खाली पाणी राहते. कढई रात्रभर तशीच ठेवून सकाळी वरचा साबण काढून घ्यावा. जास्तीचे कॉस्टिक, रंग, वासाचाही बराच भाग त्या पाण्याबरोबर जातो. खोबरेल जास्त असेल तर मीठ जास्त लागते. खोबरेलाचा साबण मिठाला सहजासहजी दाद देत नाही, म्हणूनच तो समुद्राच्या पाण्यातही फेसतो आणि खलाशी तोच नेत असत. खालचे पाणी झाडाच्या मुळाशी किंवा विहिरीजवळ ओतू नका.

असा काढलेला साबण कपड्यांसाठी वापरा, अंगाला नको. साबण निर्धोक झाला की नाही हे पाहायला काही जणी हळद लावून बघतात आणि लाल झाली की घाबरतात. आपले कुंकूही हळदीला क्षाराची जोड देऊनच करतात. साबण मुळातच क्षारधर्मी, त्याने हळद लाल होणारच. त्यावरून काही ठरत नाही. गावच्या हायस्कूलमध्ये फिनॉल्फ्थॅलिन नावाचे औषध असते. त्याचा थेंब वाळलेल्या वडीच्या ताज्या कापावर टाकून बघायला विज्ञानाच्या गुरुजींना सांगा. गडद गुलाबी डाग उमटला तर वडीत कॉस्टिक शिल्लक आहे. तेलाची आम्लताही ते त्याच औषधाने मोजून देतील. विकत घेतलेल्या तेलावर पैसे टाकण्याआधी एवढे करावेच.

खालच्या पाण्यात जाते ते ग्लिसरीन. घरगुती थंड रीतीत ते वडीतच राहते आणि हाताला मऊ लागते. कारखान्यात ते काढून घेतात. औषधांत, मलमांत त्याचा खप मोठा. आल्फ्रेड नोबेलने १८६७ साली पेटंट घेतलेला डायनामाइट ग्लिसरीनपासूनच बनवलेल्या स्फोटक तेलाचा. म्हणजे काळ्या पाषाणात विहिरी खणताना जे सुरुंग उडाले, त्यांतल्या काहींचे मूळ साबणाच्या कढईत होते. पहिल्या महायुद्धात तर ग्लिसरीनसाठी साबणाच्या कारखान्यांवर सरकारांचे लक्ष असे.

पत्रात दुसरी एक तक्रार आहे. ती लहान वाटते, पण विक्री करायची तर तीच आडवी येईल. ताई म्हणतात, आमच्याकडे कुठल्याच साबणाला फेस येत नाही, बादलीवर राखाडी साका बसतो, मग आमच्या साबणाला लोक नावे ठेवणार नाहीत का? ठेवतील. दोष मात्र पाण्याचा आहे. तुमच्या विहिरीच्या पाण्यात चुना विरघळलेला आहे. सोडा चिकटलेला फण पाण्यात विरघळतो, पण चुना भेटला की फण सोड्याला सोडून चुन्याला धरतो, आणि चुना धरलेला फण पाण्यात विरघळत नाही. तोच साका. सगळा चुना असा खाली बसेपर्यंत फेस येतच नाही. लिटरला ३०० मिलिग्रॅम कठीणपणाचे पाणी असेल तर १५ लिटरच्या बादलीत सुमारे २७ ग्रॅम साबण चुन्यावरच खर्ची पडतो. त्यानंतर उरेल तो कपड्यांना. तेच काम पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, धुण्याच्या सोड्याने होते. सोडा आधी पाण्यात घालून दहा मिनिटे थांबावे आणि मग साबण लावावा. गिऱ्हाइकांना वडीबरोबर हे सांगाच. नाहीतर पावसाचे पाणी एका बाटलीत आणि विहिरीचे दुसऱ्या बाटलीत घेऊन दोन्हींत एकच साबण हलवून दाखवा. शब्द खर्चावे लागणार नाहीत.

गंमत अशी की धुणे नासवणारा हाच चुन्याचा साबण दुभत्या जनावराला खाऊ घालतात. दूध संघाकडे 'बायपास फॅट' नावाची पूड मिळते ती हीच, मेदाम्ले आणि चुना. ताज्या व्यायलेल्या, भरपूर दूध देणाऱ्या गाई-म्हशीला खाण्यातून जेवढी ताकद मिळते त्याहून जास्त दुधावाटे जाते आणि ती झडते. नुसते तेल जास्त पाजले तर पोटाच्या पहिल्या कप्प्यात ते वैरणीवर बसते, चारा पचवणारे सूक्ष्म जीव दबतात आणि जनावर उलट कमी खाते. चुना धरलेला फण त्या कप्प्यात तसाच राहतो. पुढच्या आंबट कप्प्यात गेला की चुना सुटतो आणि मेद अंगी लागतो. रोज साधारण १०० ते २०० ग्रॅम देण्याचा प्रघात आहे, पण नेमके किती ते पशुवैद्यकांना विचारून ठरवा. आणि कोणी हे वाचून बादलीचा साका गोळा करून म्हशीपुढे ठेवू नये! त्यात मळ आणि सोडा दोन्ही असतात.

मराठवाड्यातल्या एका वाचकाने बांधावरच्या एरंडाचे विचारले आहे. एरंडेलाचे फण सगळ्यांहून निराळे. त्यांच्या मध्यावर एक आकडा असतो, आणि तेलातले जवळजवळ नव्वद टक्के फण याच जातीचे. त्या आकड्यामुळे तेल चिकट, म्हणून आजोबांच्या काळी बैलगाडीच्या आखाला एरंडेल लावत. आज तुमच्या ट्रॅक्टरच्या निपलमध्ये पंपाने भरता त्या ग्रीसमध्येही बहुधा एरंडेलाचाच साबण असतो, फक्त सोड्याच्या जागी लिथियम. नायट्याच्या काही मलमांतले औषधही याच तेलाचे फण तोडून करतात. साबणात एरंडेल किलोला पन्नास-साठ ग्रॅमपर्यंत चालते, जास्त झाले तर वडी लिबलिबीत होते. एरंडाची पेंड मात्र जनावरांच्या तोंडाला लागू देऊ नका. ती जहाल विषारी, शेतात खत म्हणूनच घालावी.

ताई, विक्रीचे थोडक्यात. अंगाच्या साबणाच्या वेष्टनावर 'टी. एफ. एम.' असा आकडा असतो. वडीत शेकडा किती मेद आहे ते त्यावरून कळते. पहिल्या प्रतीला निदान ७६, दुसरीला ७०, तिसरीला ६०. बाकी पाणी, सोडा आणि पांढऱ्या मातीची पूड. वर दिलेला मेळ साच्यातून काढताना ६४ च्या आसपास असतो आणि वाळेल तसा वर चढतो. हे बायकांना मोजून दाखवा, त्यांना आपल्या वडीची किंमत कळेल. मात्र अंगाचा साबण म्हणून विकायचा तर सौंदर्यप्रसाधनाचा परवाना लागतो. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कचेरीत आधी चौकशी करा. तोवर धुण्याचा साबण करा. शिवाय सभासदांच्या शेतावर तो लागतोच. शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळीची पूड रात्रभर भिजवून जो अर्क फवारतात, त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा घातला तरच तो पानाला धरतो.

येत्या जूनसाठी एवढेच करा. पिवळ्या पिकलेल्या निंबोळ्या रोजच्या रोज वेचा. त्याच दिवशी पाण्यात कुस्करून गर काढा, बिया धुवा आणि सावलीत, वाऱ्यावर, पातळ पसरून वाळवा. दातांखाली कट्ट वाजेपर्यंत पोत्यात भरायच्या नाहीत. पोती गोणपाटाची हवीत, प्लॅस्टिकची नकोत, आणि जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. दिवाळीपर्यंत थांबू नका, महिन्या-दोन महिन्यांत घाण्यावर न्या. पेंड परत मागून घ्या, ती तुमची आहे. निंबोळीला आज गिऱ्हाईक आहे. २०१५ पासून देशातल्या सगळ्या युरियाला निंबोळीच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला, तेव्हापासून या बियांना पूर्वीसारखे कोणी कचरा म्हणत नाही. व्यापारी कवडीमोलाने मागतो तो तुमची अडचण ओळखून.

ज्यांच्या मनगटावर चट्टे उठले त्या बाईंना तो साबण बंद करायला सांगा. जागा साध्या पाण्याने धुऊन खोबरेल लावू द्या, आठवड्यात बरे वाटले नाही तर दवाखान्यात दाखवा. आणि गटाच्या बैठकीत हा अंक त्यांच्याच हाती द्या वाचायला.